निळी वर्तुळं

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या छोट्या मुलीच्या हातावर बॉलपेननं काढलेली निळी वर्तुळं होती. आत काहीच नव्हतं. मी बघतेय हे तिच्या आईच्या लक्षात आलं.

"संध्याकाळी ताप चढला की तिथं गुलाबी पुरळ उठतं. सकाळी गायब. फोटोतही नीट येत नाही. डॉक्टर विचारतात, कुठंय पुरळ? सासूबाई म्हणतात, दृष्ट काढ. म्हणून आता उठलं की भोवती पेन फिरवते."

त्यांचा नंबर आला, त्या आत गेल्या. काही दुखणी फारच भित्री असतात, परकं माणूस दिसलं की लपतात. ती फक्त आईला दिसतात, आणि आईचं दिसणं कुणी पुरावा म्हणून धरत नाही. 'तुम्ही फार काळजी करता हो,' एवढंच तिच्या हातावर ठेवून तिला परत पाठवतात.

बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. आईचे डोळे भरले होते, पण चेहरा सैल झाला होता.

"या डॉक्टरबाई म्हणाल्या, तापाबरोबर येतं आणि जातं, हीच तर खूण आहे. लाखात एखाद्या मुलाला होतो म्हणे असा आजार. सांधेही सुजतात. तपासण्या करायच्यात, पण औषध आहे म्हणाल्या."

तिनं रुमाल ओला केला आणि एकेक वर्तुळ पुसू लागली. मनगटाजवळच्या वर्तुळाला कुणीतरी डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं. मुलीनं त्यावर पटकन हात ठेवला.

"हे नको ना पुसूस. काल तू रडत होतीस, तेव्हा तुझ्यासाठी काढलंय."