पंचावन्न वर्षांची लढवय्यी

"काकू, ही तुम्ही," असं म्हणत माझ्या मुलीच्या मित्रानं आमच्या टीव्हीवर चित्र लावलं.

चित्रात विशीतली एक पोरगी होती. केस वाऱ्यावर, हातात तलवार, छातीला लोखंडी पत्रा आणि पोट उघडं. पत्रा असा बसवला होता, की बाण जिथे लागला तर माणूस मरेल तेवढीच जागा मोकळी राहावी. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. उजवा गुडघा दुखायचा आणि चष्म्याचा नंबर नुकताच वाढला होता.

"हिला लढाईला पाठवतोयस की वरातीला?" मी विचारलं.

सगळे हसले. मी हसले नाही.

ही मंडळी माझ्या मुलीची. मुलगी मुंबईत शिकते, शुक्रवारी मांडव्याला बोटीनं उतरते, आणि शनिवारी दुपारी आमच्या अलिबागच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिचा खेळ भरतो. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात: कुणी तिरंदाज, कुणी जादूगार. पुढे काय करायचं ते ज्याचं त्यानं बोलून सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. गोष्ट सांगणारा मुलगा एरवी औषधांच्या दुकानात काम करायचा. मी त्याला गोष्टवालाच म्हणायचे. त्याच्याशिवाय माझी मुलगी, डीएडला असलेली तिची मैत्रीण आणि मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं देणारा एक मुलगा. पाचवा गडी नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याची खुर्ची रिकामी झाली. मी तोवर त्यांना पोहे करून द्यायचे आणि कधीकधी नकाशे काढून द्यायचे. माझं कामच ते. जमीन मोजणाऱ्या एका ऑफिसात मी वीस वर्षं प्लॉटचे नकाशे काढते. मुलगी म्हणाली, "आई, बस ना तूच." मी बसले.

आणि पहिल्याच दिवशी ही पत्र्याची पोरगी.

"माझं चित्र मी काढीन," मी म्हटलं.

गोष्टवाला समजुतीनं म्हणाला, "काढा ना काकू. पण जरा तसं दिसायला हवं. फॅन्टसी आहे शेवटी."

"कुणाची?"

वाईट मुलगा नव्हता तो. इंटरनेटवर जे मिळत होतं ते त्यानं उतरवलं होतं, आणि तिथे मिळतं तेच. बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले, निळ्या डोळ्यांची माणसं. आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिलेला नव्हता.

मुलीचा जुना पेन टॅब्लेट कपाटात पडून होता. तो मी काढला. ऑफिसात माउसवर हात बसलेला, पण हे प्रकरण वेगळं. हात टेबलावर चालतो आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. पहिले पंधरा दिवस नाक काढायला जावं तर ते कानाजवळ उमटायचं. मी सोडलं नाही. सकाळी कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत रेघा मारायच्या, असं ठरवून टाकलं.

कुणाचं चित्र काढायचं हे मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पेणच्या बाजूला खाडीकाठी माझं माहेर. आईनं आयुष्य मिठागरात काढलं. मी रविवारी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "आये, मीठ ओढायची फळी घेऊन उभी राहा. तुझं चित्र काढायचंय."

"म्हातारीचं चित्तर कोन बघनार गो?"

"मी बघणार."

"मंग लुगडं बदलून येतंय."

"नको. हेच. खोचून उभी राहा, मिठावर जायचीस तशी."

ती पडवीत उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात लांब दांड्याची फळी. फळी हातात आली तसा तिचा पाठीचा बाक कमी झाला. मी फोनवर फोटो काढत होते तर म्हणाली, "पाय घे नीट. माजा चेहरा कुनीबी काढील. पाय मिठानं केलेलं हायत."

पायांनाच माझे आठ दिवस गेले. भेगा, पांढरट पडलेली कातडी, नडगीवरचा जुना व्रण. चेहरा आईचा ठेवला नाही, थोडा तिचा, थोडा माझा, थोडा माझ्या मावशीचा. वय लिहिलं पंचावन्न. शनिवारी मी ते टीव्हीवर लावलं.

जेट्टीवरचा मुलगा म्हणाला, "काकू, ही मारील वाटतंय."

"मारीलच," मी म्हटलं.

गोष्टवाल्यानं वही उघडली. "हत्यार काय लिहू? भाला धरू?"

"भाला नाही. फळी."

"नियमांत फळी नाहीये."

"मग नियमांत लिही."

त्यानं लिहिली. लांबून ढकलायला चालते, चिखलात जास्त चालते, असंही लिहिलं. तिथून तो मला आवडायला लागला.

आता मला चेव चढला. बर्फाचे डोंगर काढून टाकू, आपली खाडी घालू, म्हटलं. भरतीनं भिजणारं खाजण, खारं पाणी अडवणारे बांध, बांधातली पाण्याची दारं म्हणजे उघडी, मिठाचे ढीग. चिखलातून येणारा एक राक्षस काढला, त्याच्या पाठीवर तिवराची झाडं उगवलेली. महिनाभरात तीस चित्रं झाली आणि पुढच्या शनिवारी मी ती एकामागून एक टीव्हीवर लावत गेले. रस्ता आला, रस्त्याचं चित्र. दार आलं, दाराचं चित्र. राक्षस यायच्या आधीच राक्षसाचं चित्र.

खेळ मेला. सगळे खुर्च्या वळवून टीव्हीकडे तोंड करून बसले, मालिका बघावी तसे. फासे कुणी उचलेना. डीएडवाली मुलगी दर वेळी विचारायची, "पुढचं चित्र?" दोन तासांत गोष्टवाल्याचा आवाज बसला आणि तो वैतागून म्हणाला, "काकू, तुम्हीच सगळं दाखवलंत तर आम्ही बघायचं काय?"

मला राग आला. इतकी मेहनत, आणि हा असं बोलतो. मी टीव्ही बंद केला, आत गेले, उगाच ओटा पुसत बसले. मुलगी मागे आली आणि म्हणाली, "आई, बरोबर आहे त्याचं."

बरोबरच होतं. मला ते कबूल करायला तीन दिवस लागले. तीसपैकी सव्वीस चित्रं मी बाजूला ठेवली.

या सगळ्यात आमचे हे कुठे होते? डंपरच्या धंद्यात. शनिवारी दुपारी घरी आले की चपला काढता काढता विचारायचे, "संपला का बाजार?" नणंदेनं तर एकदा जेवताना सर्वांसमोर म्हटलं, "या वयात राक्षस-राक्षस खेळते वहिनी. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोकांना सांगा, शनिवारी दुपारी दोन ते सहा वहिनी लढाईवर असते. काम असेल तर सहानंतर या."

ह्यांनी मान खाली घालून भात कालवला. मी शनिवार सोडला नाही.

मग एका सकाळी मी बांधाचं चित्र काढत बसले होते. गोष्टीत बांध फुटणार होता. मी फुटलेला बांध काढला होता, मोठं भगदाड, आत घुसणारी लाट. हे मागे येऊन उभे राहिले. चहाचा कप हातात. मला वाटलं, आता टोमणा.

"पाणी असं नाही येत," ते म्हणाले.

"मग कसं येतं?"

"आधी खेकड्याच्या बिळातनं येतं. बोटभर. आतल्या अंगानं. बाहेरून बांध सुका दिसतो." कप टेबलावर ठेवून त्यांनी बोटानं दाखवलं. "इथे. माती काळी पडते. मग थेंब. तेवढ्यात दिसलं तर चिखल दाबून बंद होतं. नाही दिसलं तर उधाणाला खांड पडते, बांधच फुटतो. आमच्याकडे पडलीये. सगळी शेती खारी झाली. बाबा तेव्हाच ट्रकवर गेले."

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. सासरे ट्रकवर होते एवढंच मला माहीत होतं. का, ते मी त्या सकाळी ऐकलं.

मी लाट पुसली. सुका बांध काढला. सकाळचं ऊन, गवत, एक बगळा. आणि खालच्या कोपऱ्यात मातीचा काळपट डाग, त्यातून निसटणारा एक थेंब.

त्या शनिवारी टीव्ही तीन तास बंद होता. गोष्टवाला नुसता बोलत होता: गाव, भरतीची वेळ, बांधावरून चालणारे आम्ही चौघे. मग त्यानं मला खूण केली आणि मी ते एकच चित्र लावलं.

"छान सकाळ आहे," डीएडवाली म्हणाली. "पुढे चालू या."

"थांब," जेट्टीवरचा मुलगा म्हणाला. तो उठून टीव्हीजवळ गेला. "हे काय ओलं?"

पुढचा एक तास आमच्या घरात जो आरडाओरडा झाला, त्यानं शेजारची बाई विचारायला आली. माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून फासे टाकत होती. खेळातली माझी म्हातारी फळी आडवी लावून बांधाला टेकून बसली आणि तिनं पाणी अडवलं. राक्षस त्या दिवशी आलाच नाही. कुणाला आठवलाही नाही.

गोष्टवाल्यानं ती दोन चित्रं, म्हातारी आणि बांध, कुणाला तरी पाठवली. मुंबईत अशा खेळांचा दिवसभराचा मेळावा होता, तिथून बोलावणं आलं: तुमचा खेळ इथे चालवा. गोष्टवाल्याला सुट्टी नव्हती. "काकू, तुम्ही चालवा," तो म्हणाला. आम्ही मायलेकी मांडव्याहून बोटीनं निघालो.

सभागृहाच्या दारातला मुलगा अदबीनं म्हणाला, "आंटी, पालकांसाठी खुर्च्या त्या बाजूला आहेत."

"माझं टेबल कुठे आहे ते सांग," मी म्हटलं.

माझ्या टेबलावर चार अनोळखी मुलं बसली. त्यातला एक अर्ध्या तासात उठला, "हे आमच्या गावासारखं वाटतंय" म्हणून. जा, म्हटलं. उरलेले तिघे तीन तास हलले नाहीत. एकानं बांध वाचवला नाही, घर वाचवलं, आणि गाव बुडालं तेव्हा त्यानं फासे पुन्हा टाकायला मागितले. खेळ चालवणं मला जमतं हे मला तिथे कळलं.

संध्याकाळी मेळावा भरवणारे गृहस्थ भेटले. गोड बोलले. "चित्रं फारच वेगळी आहेत. पुढच्या वेळी ती मोठ्या पडद्यावर लावू. खेळ आमचा माणूस चालवेल, तुम्हाला कशाला त्रास? मानधन देऊ. फक्त ती बाई जरा तरुण करता येईल?"

"नाही."

"थोडीच. तिशी."

"ती पंचावन्नची आहे. आणि चित्रं हवी असतील तर मी येते. माझ्याशिवाय चित्रं नाहीत."

"ताई, मोठी संधी आहे. विचार करा."

"केला," मी म्हटलं, आणि शेवटची बोट पकडायला निघाले.

पुन्हा बोलावणं आलं नाही, हे ओघानं आलंच. चार महिन्यांनी मात्र मुलीचा फोन आला. ती रडत होती. तिनं पाठवलेली लिंक उघडली तर त्यांच्या पुढच्या मेळाव्याची जाहिरात. माझा बांध. माझा बगळा. माझी फळी. आणि फळी धरून उभी विशीतली पोरगी, लुगड्याच्या जागी एक चिंधी, गुळगुळीत पाय. माझं चित्र आपोआप चित्रं बनवणाऱ्या कुठल्याशा यंत्रात घालून त्यांनी ती बाहेर काढली होती. पाय मी मोठे करून पाहिले, एकही भेग नव्हती.

गोष्टवाला म्हणाला, "काकू, मी लिहितो त्यांना, चांगलं झणझणीत."

"मी लिहिते," मी म्हटलं. जाहिरातीखाली मूळ चित्र टाकलं आणि मराठीत लिहिलं: "ही बाई माझी आहे. तिचे पाय तुम्ही पुसलेत. चित्र उतरवा."

दोन दिवस मेळाव्यावाल्यांनी दाद दिली नाही. ज्यांनी लिहिलं त्यांतल्या काहींनी मलाच वेड्यात काढलं: एवढं काय, चित्रच तर आहे. मी रोज सकाळी कुकर लावून तीच तीन वाक्यं पुन्हा टाकत राहिले. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या फोनवरून, ह्यांच्या नावानं, खाली एक ओळ दिसली: "बांध कसा फुटतो ते पण मी सांगितलेलं आहे." मग माझ्या टेबलावर खेळलेल्या त्या तिघांनी लिहिलं. आठवड्याच्या शेवटी जाहिरात उतरली. माफी नाही, फोन नाही, काही नाही.

त्या शनिवारी मी नवीन चित्र नेलं. तीच बाई, तेच लुगडं. केस पांढरे, पुढचे दोन दात पडलेले, पाय आणखी फुटलेले. खाली वय लिहिलं होतं, साठ.

गोष्टवाल्यानं चित्र पाहिलं आणि वही पाहिली. "काकू, वय वाढवलं तर नियमाप्रमाणे ताकद दोनानं कमी होते."

"कर कमी."

"नक्की?"

"कर. आणि सांग, समोर कोण आलंय."