छोट्या कॅमेऱ्यातली सासू

नोबुए त्सुकुदाने मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याची, आमटी वाढली की तिची सासू हारुनो एक घोट घ्यायची, वाटी खाली ठेवायची आणि तीत किटलीतलं गरम पाणी ओतायची. आमटी खारट असो की अळणी, पाणी पडायचंच. लग्न होऊन आली तेव्हा नोबुएला वाटलं होतं, येईल हळूहळू यांच्या चवीचा अंदाज. मग मुलगी शिकून ओसाकाला गेली, सासरा वारला, नोबुएचे गुडघे बोलायला लागले, पण पाणी काही चुकलं नाही. एकदा तिने हट्टाने मिसो कमी घातला. म्हातारी म्हणाली, "आज जरा माणसासारखी झालीये," आणि तरीही पाणी ओतलं.

अशा बाईच्या घरात राहायचं तर माणसाला काहीतरी आपलं असं लागतं. नोबुएचं ते म्हणजे एक खिशात मावणारा कॅमेरा. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती निवृत्त झाली तेव्हा बरोबरच्या बायकांनी दिलेला. तो तिच्या ॲप्रनच्या खिशात किल्ल्यांशेजारी असायचा. कोळणी वजन करताना, मांजरं भांडताना, न्हावी दुकानाच्या दारात पेंगताना ती कॅमेरा काढायची, दाबायची आणि परत खिशात टाकायची. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. गावच्या समाजमंदिरात फोटोवाल्यांचं मंडळ भरायचं, तिथे ती मोठ्या हौसेने नाव घालून आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण मंडळात माणसाची ओळख कॅमेऱ्यावरून व्हायची. सगळे निवृत्त पुरुष, लांबलचक भिंगं गळ्यात अडकवून बंदराच्या धक्क्यावर ओळीने स्टँड लावून उभे राहणारे. अध्यक्ष शिरोयामा जुने हेडमास्तर. कितीतरी वर्षं ते एकाच बगळ्याचे फोटो काढत होते. बगळा बहुधा मरून त्याच्या जागी दुसराही आला असेल, पण शिरोयामांचा फोटो काही बदलला नव्हता. नोबुएच्या कॅमेऱ्याला त्यांनी पहिल्याच दिवशी 'साबणाची डबी' म्हटलं. त्यानंतर ती आली की कुणीतरी हमखास विचारायचं, आज अंघोळ झाली का. ती हसायची. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईला टोमणे गिळायची सवय असते.

मंडळाची एक रीत होती. महिन्याच्या बैठकीला सगळे फोटो लांब टेबलावर मांडायचे, नावं मागच्या बाजूला. मग प्रत्येकाने गो खेळातल्या पांढऱ्या सोंगट्या हातात घेऊन फिरायचं आणि आवडेल त्या फोटोसमोर एकेक ठेवायची. ज्याच्यासमोर एकही पडली नाही त्याने आपला फोटो स्वतःच्या हाताने पालथा घालायचा, वाकून नमस्कार करायचा आणि 'शिकायला मिळालं' म्हणायचं. नोबुएने बरेच महिने फोटो पालथे घातले.

आणि मग जूनच्या बैठकीत तिच्या एका फोटोसमोर सोंगट्यांचा ढीग पडला. फोटो म्हातारीचा होता. ओसरीवर बसून ती शेजारच्या सोमेकोबरोबर शेंगा सोलत होती. नोबुए मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, धुण्याचं यंत्र घरघरत होतं, त्यामुळे त्या काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. एकाएकी म्हातारी हसली. तोंड उघडून, डोळे मिटेपर्यंत, सोन्याचा दात दिसेल अशी, मांडीवरच्या शेंगा सांडवत हसली. इतक्या वर्षांत नोबुएने सासूला असं हसताना पाहिलं नव्हतं. चादरीच्या आडून तिने झूम केला आणि दाबलं.

त्या फोटोने नोबुए बदलली. आमटीत पाणी पडलं की ती मनात म्हणायची, पडू दे, आतून या बाई तशा नाहीत. एक छोटी प्रत तिने पैशांच्या पाकिटात ठेवली होती. सासूचा फोटो पाकिटात बाळगणारी सून त्या गावात तरी दुसरी नसावी.

शिरोयामांच्या बगळ्याला त्या दिवशी दोन सोंगट्या मिळाल्या, त्यातली एक त्यांनीच ठेवली असावी अशी कुजबुज झाली. ढीग पडलेला फोटो उलटून नाव वाचलं गेलं तेव्हा त्यांच्या पोटात जे दुखलं ते चेहऱ्यावर आलंच. पण हेडमास्तर तो हेडमास्तर. त्यांनी शांतपणे सांगितलं की डबीतून कधीकधी असा नशिबाने फोटो निघतो.

सप्टेंबरात ज्येष्ठांचा दिवस आला की मंडळ गावातल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढून द्यायचं, अंत्यविधीला मांडायचे. त्यात कुणाला काही अशुभ वाटत नसे. बायका त्यासाठी केस सेट करून यायच्या, आपापल्या फोटोची तुलना करायच्या. या वर्षी हारुनोनेही नाव दिलं होतं. नोबुएने शिरोयामांना भीतभीत विचारलं, सासूबाईंचा तो हसरा फोटोच मोठा करून लावला तर?

"फाटेल," शिरोयामा म्हणाले. "छोट्या कॅमेऱ्याचा फोटो मोठा केला की चुरगळलेल्या टोफूसारखा दिसतो. सासूला भिंतीवर तशी लावणार का, त्सुकुदासान?" वर त्यांनी हेही सांगितलं की त्या दिवशी गावापुढे उभं राहायचं तर भिंग बदलता येणारा कॅमेरा हवा, साबणाच्या डब्या घरी ठेवायच्या.

नोबुएला ते लागलं, पण पटलंही. सासू गेल्यावर तो फोटो देवाच्या खोलीत, तुळईवर, सासऱ्याच्या फोटोशेजारी लागणार होता. रोज सकाळी त्याच्यासमोर पहिला भात ठेवायचा होता तिलाच, तिचे हातपाय चालतील तोवर. कुठल्या चेहऱ्याखाली उरलेलं आयुष्य काढायचं, एवढाच प्रश्न होता. तो हसरा चेहरा तिला हवा होता, नीट, न फाटलेला. ती शहरातल्या दुकानात गेली आणि छोटा कॅमेरा देऊन वापरलेला मोठा कॅमेरा आणि माणसांच्या फोटोसाठीचं भिंग घेऊन आली. दुकानदार म्हणाला, "छोटा राहू द्या की, लोक दोन्ही ठेवतात." नोबुए शिरोयामांची शिष्या झाली होती. तिने ऐकलं नाही.

मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून ती बाजारात गेली तर कोळणींनी केस सारखे केले. न्हावी झोपेतून उठून उभा राहिला. सोमेकोने तोंडावर हात धरला. मांजरं तर थांबलीच नाहीत. नोबुएला वाटलं, सरावाने जमेल.

ज्येष्ठांच्या दिवशी हारुनो काळा किमोनो घालून समाजमंदिरातल्या खुर्चीवर ताठ बसली. नोबुए त्या जड कॅमेऱ्यामागे, आणि तिच्या खांद्यामागे शिरोयामा, डोळ्यावर फोकस करा, मागचा पडदा धूसर होऊ द्या, असं सांगत.

"आई, जरा हसा ना," नोबुए म्हणाली.

"कशाला? मेल्यावर हसतं का कोणी?"

आणि म्हातारीने भिंगात रोखून पाहिलं. ती नजर नोबुएच्या ओळखीची होती. भाताचं पातेलं उघडल्यावर जी यायची तीच. तिने दाबलं. शिरोयामांनी मागून 'उत्तम' म्हटलं.

पुढच्या बैठकीत त्या फोटोसमोर खोलीतल्या बहुतेक सोंगट्या पडल्या. पापणीचा केस न केस दिसत होता, किमोनोचा धागा न धागा. शिरोयामांनी स्वतः उठून एक सोंगटी ठेवली. "आता कसा आमच्यासारखा फोटो काढलात," ते म्हणाले. तेव्हापासून अंघोळीचं कुणी विचारलं नाही.

घरी येऊन नोबुएने धीर केला. दोन्ही फोटो तिने म्हातारीपुढे ठेवले आणि विचारलं, आई, तुम्हाला कुठला लावायला आवडेल? मोठ्या फोटोकडे म्हातारीने एकदा पाहिलं आणि मान डोलावली. छोटा मात्र तिने हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"हा कधी काढलास?"

"मे महिन्यात. तुम्ही आणि सोमेकोसान शेंगा सोलत होता. किती छान हसलायत तुम्ही."

म्हातारी आठवू लागली आणि आठवलं तशी पुन्हा हसली, तशीच, सोन्याच्या दातासकट.

"अगं, त्या दिवशी मी सोमेकोला तुझ्या लग्नाची गोष्ट सांगत होते. मध्यस्थाने दोन मुलींचे फोटो आणले होते. शूजीला दुसरी आवडलेली. तिने नाही म्हटलं, म्हणून मग तू. सोमेको म्हणते, तुम्ही कशा 'हो' म्हणालात? मी म्हटलं, मासळी संपली की मांजर टोफू खातं." तिने डोळे पुसले. "फोटोत बरी दिसत होतीस, खोटं कशाला बोलू. त्या स्टुडिओवाल्याकडे चांगला कॅमेरा असणार."

नोबुएने दाराबाहेर पाहिलं. शूजी म्हणजे तिचा नवरा बाहेर सायकलला तेल घालत होता.

"लाव तुला हवा तो," म्हातारी म्हणाली आणि फोटो तिच्याकडे सरकवला. "बघायचंय तुलाच."

त्या दिवसापासून तो फोटो पाकिटात नव्हता. टाकूनही दिला नव्हता. कपाटाच्या खणात तो पालथा पडून होता.

थंडीत म्हातारी गेली, झोपेतच, कुणाला त्रास न देता. लोक म्हणाले, पुण्यवान. सकाळी अंत्यविधीचा माणूस आला, काळा कोट घालून, हळू आवाजात बोलणारा. मांडायचा फोटो मागितला. नोबुएने दोन्ही आणून चटईवर ठेवले आणि विचारलं, छोट्या कॅमेऱ्याचा मोठा केला तर फाटेल ना?

"छे हो," तो म्हणाला. "एवढ्या आकाराला काय होतंय? आम्ही मोबाइलवरचेसुद्धा लावतो. दोन्ही छान येतील, बघा."

म्हणजे शिरोयामांनी तिला खोटंच सांगितलं होतं, किंवा त्यांना माहीत नव्हतं. दोन्हींतलं कुठलं वाईट ते ठरवायला तिला वेळ नव्हता. सोमेको कोपऱ्यात बसून रुमालात रडत होती. हसऱ्या फोटोवर तिची नजर गेली आणि तिने मान खाली घातली.

शूजी वाकून बघत होता. रात्रभर रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याने बोट हसऱ्या फोटोवर ठेवलं. "हाच घे. किती आनंदात आहे आई. आयुष्यात अशी हसलेली मी पाहिली नाही."

"यात आई सोमेकोसानकडे बघतायत," नोबुए म्हणाली.

"मग काय झालं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं, किंवा दुसऱ्या मुलीचा चेहरा तो केव्हाच विसरला होता. मासळी संपल्यावर टोफूवर जगलेला माणूस, त्याला आता काय विचारणार? नोबुएने दुसरा फोटो उचलला. रोखलेले डोळे, आवळलेले ओठ, पापणीचा केस न केस.

"यात माझ्याकडे बघतायत," ती म्हणाली आणि तो काळ्या कोटवाल्याच्या हातात दिला.