मुळी दावा म्हणावं

बारामतीहून भिगवणमार्गे इंदापूरला निघालेल्या एसटीत एक मावशी माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पायांशी पिशवी आणि फोन धरलेला हात खिडकीबाहेर. मधूनच तो आत घेऊन बघायच्या आणि ओलं फडकं वाळवावं तसा पुन्हा बाहेर धरायच्या.

"रेंज नाही का मावशी?"

"हाय थोडी. मिरचीची रोपं बघायचीत, पन ह्ये उघडंनाच झालंय."

मी त्यांच्या फोनमध्ये डोकावलो. नर्सरीची ती वेबसाइट मीच बनवली होती. सगळे मोठमोठे फोटो एकदमच यायला धडपडत होते, त्यामुळे एकही धड येत नव्हता. बऱ्याच वेळानं नर्सरीच्या शेडचा फोटो अर्धामुर्धा उमटला.

"शेडचं काय करू म्या?" त्या हसल्या. "मुळी दावा म्हणावं. आमी ट्रेमधलं रोप उपसून आधी मुळी बघतो. पांढरी असली तरच घ्यायचं."

चिडल्या नाहीत, वेबसाइट बंदही केली नाही. डाळजला उतरेपर्यंत त्यांचा हात तसाच बाहेर होता.

घरी आल्या आल्या मी बदल केला. आता पांढऱ्या मुळीचा फोटो सगळ्यात आधी येतो. बाकीचे फोटो थांबून राहतात. बोटानं पान सरकवावं तसा एकेक येतो.

आजही एसटीनं भिगवण सोडलं, रेंज कमी झाली की मी ती वेबसाइट उघडतो. मुळी लगेच दिसते. मग मनातल्या मनात म्हणतो, मावशी, आता हात आत घ्या.