वापरलेला स्वेटर

पोस्टमनने मुलीचं परदेशातून आलेलं पार्सल पुढे केलं आणि म्हणाला, "काकू, यावर ड्युटी भरावी लागेल." खोक्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वापरलेला स्वेटर'. कस्टमवाल्यांना ते पटलं नव्हतं. त्यांनी तो नवाच धरला होता.

मला हसू आलं. वापरलेले कपडे लिहिले की ड्युटी लागत नाही म्हणे, हे तिला तिथल्या मैत्रिणींनी सांगितलेलं. पण ही पडली सरळमार्गी. फोनवर म्हणाली होती, "खोटं कसं लिहू, आई? आठवडाभर मीच घातला, मग पाठवला."

पैसे भरले, खोकं उघडलं. निळी, मऊ लोकर, आणि उजव्या बाहीच्या टोकाला हळदीचा डाग. इथे असताना हिने कधी साधी फोडणी दिली नव्हती. तिथे गेल्यापासून रोज "जेवलीस का?" विचारलं की "हो गं" म्हणते, आणि मला ते कधीच खरं वाटत नाही. मग कस्टमवाल्यांना तरी काय बोलायचं? इतक्या लांबून आलेल्या शब्दावर मी आई असून विश्वास ठेवत नाही.

बाही नाकाशी नेली. हिंगाचा वास अजून होता.

पोरगी खरंच जेवते आहे.