आईच्या पत्रांची फिर्याद

लेटरकेनीतली ती चोरी मी अजून विसरलेलो नाही. खरं तर तो माझ्या हद्दीतला गुन्हा नव्हता. पोलीस खात्यातून निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती आणि अर्जित रजा टाकून मी मुलीकडे आयर्लंडला गेलो होतो. ती तिथल्या इस्पितळात डॉक्टर.

शेजारी ऐंशीच्या घरातले एक निवृत्त शिक्षक एकटे राहत. त्यांची आई दोन महायुद्धांमधल्या काळात लंडनला होती, समाजवादी लेखिका. तिची आणि तिच्या एका लेखिका मैत्रिणीची पत्रं मास्तरांनी पत्र्याच्या डब्यात जपली होती. एक अभ्यासक ती वाचायला येणार होता. त्याच आठवड्यात डबा नाहीसा झाला. पोलिसांनी विचारलं, घराची किल्ली आणखी कोणाकडे? मास्तरांनी त्यांच्या शुश्रूषेला येणाऱ्या नागपूरच्या मुलीचं नाव सांगितलं.

ती माझ्या मुलीकडे रडत आली. "काका, मी हातसुद्धा नाही लावला जी. कामाचं परमिट गेलं तर मी काय करू?"

स्थानिक सार्जंट भला माणूस. म्हणाला, "मास्तरांकडे चहाला खुशाल जा. जबाब मात्र मीच घेणार."

गेलो. दार, खिडक्या, कपाट, सगळं शाबूत. मास्तर हवापाण्याबद्दल भरपूर बोलले. पण ज्याच्या घरी चोरी होते तो फिर्यादी दर दोन वाक्यांनी विचारतो, माझा माल कधी मिळेल? यांनी एकदाही विचारलं नाही. संशयिताबद्दल अवाक्षर नाही.

खबर दिली ती पोस्टमनने, माझ्या मुलीला, सहज बोलता बोलता. भर पावसात मास्तर काठी टेकत मागच्या शेडकडे डबा नेत होते म्हणे. त्याला वाटलं, बिस्किटांचा असेल.

दुसऱ्या दिवशी सार्जंटला घेऊन गेलो. शुश्रूषेची ती नागपूरची मुलगीही होती. मी एवढंच विचारलं, "मास्तर, शेडमध्ये ओल असते. कागद टिकतील का?"

ते म्हणाले, "मला आजीजवळ ठेवून आई लंडनला गेली. मी सहा वर्षांचा होतो. मैत्रिणीला लिहिलंय तिनं, मूल झालं ही माझी चूक. ते लोकांनी वाचायचं?"

शेडमधल्या जळणाखालून डबा निघाला. मुद्देमाल हाती, पण कोणाच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. मास्तरांनी फिर्याद मागे घेतली आणि उभं राहून त्या मुलीची माफी मागितली.

ती त्यांच्या शेजारी बसली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझा मुलगा चार वर्षांचा आहे. नागपूरला, माझ्या आईपाशी. दमले की मीही नवऱ्याला असलंच काही लिहिते. दुसऱ्या दिवशी रडते. तुमच्या आईनं दुसऱ्या दिवशी काय लिहिलं, ते वाचलंत का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. त्या एका ओळीनंतर त्यांनी डबा उघडलाच नव्हता. त्यांनी चष्मा शोधला. सार्जंट आणि मी बाहेर येऊन उभे राहिलो.

त्या पत्रांत पुढे काय होतं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मास्तरांनी सगळी पत्रं अभ्यासकाला दिली, एवढं माझ्या मुलीनं नंतर फोनवर सांगितलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी आरोपींचे शेकडो जबाब लिहून घेतले. फिर्यादीलाही काहीतरी कबूल करायचं असतं, हे मात्र मी परमुलखात, रजेवर असताना शिकलो.