बोर्डावर काय लिहायचं

दारव्ह्यात बाजाराच्या रस्त्यावर मी एक गाळा भाड्यानं घेतला. त्यात दोन खाटा टाकल्या, चालायचा सराव करायला लोखंडी दांडे बसवून घेतले, आणि उद्घाटनाच्या दिवशी उजाडताच झाडू घेऊन हजर झाले. झोप लागलीच नव्हती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, माय लोकांच्या शेतात निंदायला जायची, आणि आता माझ्या नावापुढे ‘फिजिओथेरपिस्ट’ लागणार होतं. शिकून, परीक्षा देऊन, राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंद करून मिळवलेलं नाव. कुणाच्या मेहेरबानीचं नाही, हे आधीच सांगून टाकते.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, मालिशवाल्या काकांचं दुकान. आखाड्यातल्या पैलवानांना त्यांनी जन्मभर तेल लावलं. हात चांगलाच. पण मध्ये कुठूनतरी थोड्या दिवसांचा कोर्स करून आले आणि पाटी लावली. वर स्वतःचं नाव, खाली लाल अक्षरात ‘फिजिओथेरपिस्ट’.

गाळा घेतला त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी चहा पाजला. मी म्हटलं, "काका, मालिश करा ना, मी कायले नाही म्हणू? पण हे नाव काढा. नोंद नसली तं लावता येत नाही, कायदा आहे तसा."

"कायदा!" काका हसले. "अवं पोरी, तू रांगत होती तवापासून मी लोकायच्या कंबरा रगडून राह्यलो. नावानं काय होते?"

नावानं काय होतं, ते मला रंगकाम चालू असतानाच कळलं. एक बाई दारातून डोकावली. तिच्या नवऱ्याला लकवा मारला होता, उजवी बाजू गेली होती. मी म्हटलं, घेऊन या, उठणं-बसणं, पाऊल टाकणं, सगळं हळूहळू करून घेऊ. ती म्हणाली, "फिजिओ केली व बाई, समोरच. तेल लावलं महिनाभर. काही फरक नाही पडला." आणि गेली. तेलानं त्या माणसाचं वाईट झालं नव्हतं. पण त्याला कुणी उभं करून पाहिलंच नव्हतं, आणि घरी मात्र फिजिओ ‘करून झाली’ होती. माझं दार उघडायच्या आधीच ‘फिजिओ’ हा माझा शब्द खोटा पडला होता. आता तो खरा करायचा होता, आणि सुरुवात बोर्डापासून.

बोर्डाची काळजी तू करायची नाही, असं गावाकडून बजावलं होतं. विहारातल्या महिला मंडळानं तो मान घेतला होता. मंडळाची पुढारी माझी मोठीमाय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. फ्लेक्स तिला मंजूर नव्हता. "फ्लेक्स उन्हात फाटते. माह्या पोरीचा बोर्ड टिनाचा पाह्यजे."

माझं झाडून होतं तोच गावाकडची काळीपिवळी जीप येऊन थांबली. टपावर चादरीत गुंडाळलेला बोर्ड, आत एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या पांढऱ्या साड्यांतल्या बाया, आणि बोर्ड टांगायला रंगाच्या डब्यांसकट सोबत आणलेला गावचा पेंटर. माझा जीव नुसता नाचत होता. चादर काढली. निळ्या टिनावर पांढरीशुभ्र अक्षरं! माझं नाव, त्याआधी ‘डॉ.’, खाली जाडजूड ‘हाडाचे डॉक्टर’, आणि त्याच्याही खाली ‘लकव्याचा खात्रीशीर इलाज’.

टाळ्या वाजल्या. माय रडायलाच लागली. मी मात्र खालच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

काका रस्ता ओलांडून आलेच. कमरेवर हात ठेवून त्यांनी बोर्ड मोठ्यानं वाचला. "वा रे वा! मले कायदा शिकवाले आलती. अन् तू कवा झाली व हाडाची डॉक्टर?"

"तुमच्या पोटात काहून दुखून राह्यलं?" एका बाईनं लगेच सुनावलं. "तुमी तेल लावा ना तुमचं!"

मी मोठीमायचा हात धरला. "मोठीमाय, काका बरोबर बोलून राह्यले. हा बोर्ड मले लावता येत नाही."

"काहून?" तिचा चेहराच उतरला. "एवढं शिकली, पांढरा कोट घालते, अन् डॉक्टर नाही? मंग आमी गावभर सांगतलं ते खोटं का?"

"हाडाचा डॉक्टर हाड जोडते. जोडल्यावर हात वर कसा न्यायचा, त्या हातानं पुन्हा भाकर कशी थापायची, ते मी करून घेते. ते त्याचं काम नाही, माझं आहे. अन् खात्री कोणाचीच देता येत नाही."

"अन् ते डॉ.?"

त्याचंही मी खरं तेच सांगितलं. त्यावर वरच्या लोकांचं भांडण चालू आहे. फिजिओनं लावू नये असं एक पत्र निघतं, मग ते मागं घेतात. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण वादातलं अक्षर डोक्यावर घेऊन मी समोरच्याला कोणत्या तोंडानं बोलू? आणि ज्या शब्दावर माझा पक्का हक्क, तो तर बोर्डावर कुठेच नव्हता.

"मोठीमाय, मी जे कमावलं तेच तुमी लिहिलं नाही."

हे तिला लागलं. तिनं बोर्ड पुन्हा न्याहाळला आणि पेंटरवर उसळली, "काय रे पेंटर, तुले काहून नाही समजलं?"

"घ्या! काकू, म्या म्हनलं होतं, पोरगी फिजिओ का काय ते हाय. तं तुमीच म्हनल्या, ते कोणाले समजते, हाडाचा डॉक्टर टाक."

बाया खो खो हसल्या. मोठीमायलाही हसू आवरेना. "मंग टाक आता! मोठ्ठ्या अक्षरात टाक!"

पेंटरनं ‘डॉ.’वर आणि खालच्या दोन्ही ओळींवर निळा रंग फिरवला. ऊन असं की टिनाला हात लावला तर चटका बसत होता, त्यामुळे आम्ही जेवून उठेपर्यंत वाळलासुद्धा. शब्द भलता लांब. दोन्ही ओळींची जागा मिळाली तेव्हा कुठे मावला. एकेक अक्षर उमटत होतं आणि मी शेजारून "काना राह्यला, काना राह्यला" म्हणून ओरडत होते.

टांगायला शिडी कोणी दिली? काकांनीच. शिडी धरून उभे असताना ते हळूच म्हणाले, "माह्यावर तक्रार करशील का व?"

"नाव नाही काढलं तं करीन, काका. काढलं तं कायले करू?"

"मंग म्या काय लिहू? नुसतं मालिश? लोकायले हलकं वाटते."

मोठीमाय मध्येच बोलली, "पैलवान तुमच्याकडे काय फिजिओले येत होते? मालिशलेच येत होते ना? मंग लाजता कायले?"

माझा बोर्ड वर गेला, खिळे ठोकून झाले, बायांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग काकांनी पेंटरला विचारलं, "तुह्या डब्यात रंग उरला का बे?"

"उरला ना."

"चाल मंग."

पेंटर शिडी खांद्यावर टाकून त्यांच्यामागं निघाला. समोरच्या लाल अक्षरांवर त्यानं पहिला पट्टा ओढला, आणि खरं सांगते, धावत जाऊन तो ब्रश आपणच हातात घ्यावा असं मला झालं होतं.