लोहपंखाची वाटणी

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात पूर्ण भरवसा एकाच माणसावर ठेवला, आणि तो माणूस छापील होता. बायको, आजवरचे सगळे साहेब, हवामान खातं आणि स्वतःची तब्येत यांच्याबद्दल त्यांच्या मनात कायम थोडी शंका असते. लोहपंखाबद्दल कधीच नव्हती. लोहपंख म्हणजे हिंदी कॉमिक्समधला एक वीर. त्याला लोखंडी पंख आहेत, तो कोसळणारे पूल तोलून धरतो आणि कुणाचे आभार न स्वीकारता उडून जातो. साडूभाऊ नांदेडला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, बावन्न वर्षांचे, दोन मुलींची लग्नं केलेले. पण लोहपंखाचा विषय निघाला की ते आवाज खाली आणून, घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

त्यांच्या वाचण्याचाही एक दस्तूर आहे. आधी साबणाने हात धुवायचे, मग पुसायचे, मग पाच मिनिटं नुसते वाळवायचे. पंखा बंद, कारण पान फडफडतं. नांदेडचा मे महिना असला तरी बंद. अंक लोखंडी ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेले. माझी मेहुणी म्हणते, "माझे दोन शालू कसरीनं खाल्ले, पण त्या पंखवाल्याला धक्का न्हाई." एकदा एका अंकात लोहपंखाच्या उजव्या पंखाला अकराच्या जागी दहा पाती काढली होती. साडूभाऊंनी प्रकाशकाला चार पानी पत्र लिहिलं. चुकीबद्दल क्षमस्व, असं दोन ओळींचं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटले.

या बाबतीत त्यांचा तोडीस तोड असा एकच माणूस होता, लातूरचे आप्पा. सायकलींचं दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं संथ. कॉलेजच्या वयात नांदेड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर शिल्लक राहिलेल्या एकाच अंकावर दोघांचे हात एकदम पडले आणि कुणीच सोडेना. शेवटी ठेलेवाला वैतागून म्हणाला, "दोघं मिळून घ्या की." त्यांनी ते कायमचं मनावर घेतलं. तेव्हापासून प्रत्येक अंक दोघांच्या पैशांतून, विषम क्रमांकाचे नांदेडला, सम क्रमांकाचे लातूरला, आणि वर्षातून दोनदा मधल्या अहमदपूरच्या एसटी स्टँडवर वाचण्यापुरती अदलाबदल. म्हणजे तीसेक वर्षं दोघांपैकी कुणाच्याही घरी सलग गोष्ट नव्हती. याचं दोघांना फार समाधान होतं.

मग गेल्या वर्षी तो अंक आला. त्याचा गाजावाजा इतका, की सम-विषम विसरून दोघांनीही आपापला घेतला. धरणाचा फुटका दरवाजा सांधायला लोहपंखाने आपले पंख वितळवले. उरलेल्या लोखंडातून वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने नवे पंख केले आणि यापुढे तीच उडणार असं ठरलं. शेवटच्या चित्रात लोहपंख साध्या सदऱ्यात एका ओट्यावर चहा पीत बसला होता. साडूभाऊंनी तो अंक मिटला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पाहुणे, तीस वर्षांत त्यानं पाणी पिलेलं दाखवलं न्हाई. आन् हे त्याला चहा पाजून राहिले."

मराठवाड्यातल्या लोहपंखप्रेमींचा व्हॉट्सॲपवर एक गट होता, साडूभाऊ त्याचे चालक. तिथे आग लागली. इस्लापूरच्या एका मास्तरांनी आपल्या फोटोच्या जागी काळा चौकोन लावला. साडूभाऊंनी फर्मान काढलं की पुढचा अंक कुणीही घ्यायचा नाही. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. आप्पांचा मात्र आवाजातला निरोप आला, "मला तर गोष्ट पटली. पंख गेले तरी माणूस हायच की."

साडूभाऊंनी तो निरोप तीनदा ऐकला. "हल्ली लिहीत पण न्हाई. बोलून फेकून देतो. दोनदा अहमदपूरला यायचं टाळलं. आता कळलं का ते." त्याच दुपारी त्यांनी आप्पांना गटातून काढलं. आठवड्याने निरोप धाडला, की अर्धे अंक माझ्या पैशांचे आहेत, अहमदपूरला ये, वाटणी करून मोकळे होऊ.

मेहुणीने मला गाठलं. "तुम्ही संगं जा. ह्यांचं बीपी वाढलंय. तीस वर्षांची दोस्ती तोडून आले तर घरात कुणाशी बोलणार न्हाईत."

अहमदपूरपर्यंत साडूभाऊ ताठ बसून होते. मांडीवर अंकांची पिशवी आणि तिच्यावर दोन्ही हात. स्टँडच्या कँटीनमध्ये आप्पा आधीच येऊन बसले होते. शेजारी त्यांची मुलगी, पायाशी पिशवी, आप्पांच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

"गॉगल लावून आलाय," साडूभाऊ माझ्या कानाशी म्हणाले. "आन् साक्षीदार बी आणलाय."

रामराम झाला नाही. चहा आला तो तसाच निवत राहिला. साडूभाऊंनी तो अंक काढला, शेवटचं पान उघडलं आणि आप्पांच्या हातात कोंबला. "हे बघ आन् माझ्या तोंडावर सांग, हे तुला पटून राहिलं."

आप्पांनी अंक दोन्ही हातांत धरला. थोडा वेळ त्याच्याकडे तोंड करून बसले. मग मान हलवून म्हणाले, "हाव. पटलं."

अंक उलटा होता.

मला आधी वाटलं, ही थट्टा आहे. साडूभाऊंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी आप्पांच्या चष्म्यासमोर हळूच हात हलवला. आप्पा हलले नाहीत.

"काका," मुलगी म्हणाली, "दिवाळीपासून दिसत न्हाई. साखरेनं डोळे गेले. तुम्हाला सांगू देत नव्हते."

"का?" साडूभाऊंनी विचारलं.

आप्पांनी अंक टेबलावर ठेवून हाताने सरळ केला. "चित्रं न दिसणाऱ्याला कॉमिक्सवाल्यांत कोण ठेवील, म्हणलं. ही वाचून दाखवती. लई मन लावून वाचती. पण ती अक्षरं वाचती. धडाम म्हणती आन् पुढं जाती. काय पडलं, कुणावर पडलं, मी कुणाला विचारू?"

साडूभाऊ उठले. मला वाटलं, निघाले. ते कोपऱ्यातल्या नळावर गेले, हात धुतले, रुमालाने पुसले आणि समोरच्या खुर्चीऐवजी आप्पांच्या शेजारी येऊन बसले. अंक पहिल्या पानावर उघडला.

"वर डाव्या हाताला धरण. पाणी हिरवं काढलंय, चुकीचं हाय, पण असो. खाली माणसं पळून राहिली. एका बाईच्या काखेत कोंबडी."

"कोंबडी?" आप्पा हसले. "हे न्हाई सांगितलं हिनं."

असं पान-पान चाललं. दोन लातूर गाड्या सुटल्या. शेवटच्या पानावर साडूभाऊ थांबले.

"ओट्यावर बसलाय. आपल्याकडं पाठ हाय."

"आन् पंख?"

पंख पुन्हा फुटताहेत असं त्यांनी सांगितलं असतं तर आप्पांना काय कळणार होतं? मला वाटलंही, की आता ते तसंच सांगतील, लोहपंखाला पंख परत देण्याची ही एकच जागा होती. पण दहा पात्यांसाठी चार पानं लिहिणारा माणूस.

"न्हाईत," साडूभाऊ म्हणाले. "दोन व्रण हायेत."

"तोंड दिसतं का?"

साडूभाऊंनी अंक डोळ्यांजवळ नेला. "अर्धं दिसतं. थकलाय. पण चहा गोड लागून राहिलाय त्याला."

आप्पांनी मान डोलावली आणि चाचपडत आपला गार झालेला कप उचलला.

पिशव्या आल्या तशा परत गेल्या. आप्पा आता लातूरबाहेर पडत नाहीत. साडूभाऊंनी स्वतःचं फर्मान मोडलं. आता ते दर महिन्याला नवा अंक घेतात आणि रविवारी दुपारी फोनवरून एकेक चौकट सांगत बसतात. मधेच लेखकाला शिव्या देतात, त्या तिकडे ऐकू जातात असं दिसतं, कारण ते उत्तरासाठी थांबतात आणि हसतात. लोहपंखाच्या जागी आलेल्या त्या मुलीला त्यांनी अजून मानलेलं नाही. तिचं नावही घेत नाहीत, 'ती' म्हणतात.

परवा मी सहज विचारलं, "कशी आहे हो नवीन मुलगी?"

त्यांनी हातातला अंक ट्रंकेत पाल्याखाली ठेवला. "उडती बरी," ते म्हणाले. "वळताना जरा घाई करती. शिकंल."